सल्ला सदर: छोट्या ऑफिससाठी कोणता प्रिंटर घ्यावा? आधी पानाचा हिशेब

पत्र:

चिपळूणला माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. मी आणि दोन सहायक. जीएसटी, प्राप्तिकर विवरणपत्रं, भागीदारी करारनामे, प्रतिज्ञापत्रं, बँकेच्या कर्जाच्या फाइली असं काम चालतं. महिन्याला सरासरी १,२०० पानं लागतात. जुलै ते सप्टेंबरात दुप्पट, एप्रिल-मेमध्ये जेमतेम ३००. रंगीत क्वचितच, स्कॅनिंग मात्र रोज. सध्याचा प्रिंटर ४,००० रुपयांना घेतला होता. त्याचं काळं कार्ट्रिज ८५० रुपयांना येतं आणि १२० पानांत संपतं, म्हणून निम्म्याहून जास्त छपाई समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन रुपये पानाने करून आणतो. आता २५,००० रुपयांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. एक दुकानदार म्हणतो इंकटँक (बाटलीतून शाई भरायच्या टाक्यांचा प्रिंटर) घ्या, दुसरा म्हणतो पावडरीवर चालणारा लेझर, तिसरा वापरलेलं झेरॉक्स मशीन देतोय. काय घेऊ? आणि बाहेरची शाई किंवा पावडर भरली तर चालते का?

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ८५० ला १२० ने भागा: एका पानाला सात रुपये. समोरच्या दुकानातलं पान दोन रुपयांचं. सगळी १,२०० पानं तिथून आणली तरी वर्षाला २८,८०० रुपये जातात, शिवाय अशिलांचे पॅन, बँकेचे उतारे, ताळेबंद पेन ड्राइव्हमधून दुसऱ्याच्या संगणकावर जातात. तेव्हा २५,००० रुपयांचं यंत्र तुमच्याकडे वर्ष-दीड वर्षात वसूल होतं. ते कुठलं, हे ठरवताना मात्र यंत्राची किंमत सर्वांत शेवटी बघा.

आधी पानाचा भाव काढायचा. शाईच्या बाटलीची किंवा टोनरची (लेझरच्या पावडरीच्या डब्याची) किंमत भागिले तिच्यावर लिहिलेली पानं. ही पानं कंपन्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ठरावीक चाचणी-पानांवर मोजतात, आणि काळ्या छपाईत त्या पानाचा साधारण पाच टक्के भागच शाईने भरलेला असतो. सुटसुटीत पत्र असेल तर हे बरोबर जुळतं. तुमच्याकडे आधार आणि पॅनच्या गडद प्रती, बँकेच्या पासबुकांची पानं, लेटरहेडवरचे लोगो असतात. असं एक पान तीन-चार साध्या पानांएवढी शाई खातं. म्हणून डब्यावरच्या आकड्यातून सरळ एक तृतीयांश वजा करा आणि मग भागाकार करा.

आता आकडे. एप्सनच्या छोट्या इंकटँकची ००३ काळी बाटली ६५ मिलीची असते आणि तिच्यावर ४,५०० पानं लिहिलेली असतात. वरच्या मॉडेलांची ००१ काळी बाटली १२७ मिलीची, ७,५०० पानांची. एचपीची जीटी५३ एक्सएल १३५ मिलीची, ६,००० पानांची. या काळ्या बाटल्या साधारण ४०० ते ९०० रुपयांच्या दरम्यान मिळतात. म्हणजे छापील हिशेबाने पानाला ९ ते १५ पैसे, आणि आपली वजावट धरली, मधूनमधून होणाऱ्या हेडच्या (शाई कागदावर फवारणाऱ्या भागाच्या) सफाईत जाणारी शाई धरली, तर २० पैसे. ओरिजिनल टोनर टाकून चालवलेल्या लेझरचं गणित वेगळं आहे. एचपीचं ८८ए टोनर १,५०० पानांचं, कॅनन एमएफ३०१० चं ३२५ टोनर १,६०० पानांचं. यांचं पान तीन रुपयांच्या आसपास किंवा वर जातं. ब्रदरच्या टोनर आणि ड्रम (पावडर कागदावर उतरवणारा रूळ) वेगळे असणाऱ्या यंत्रांत टोनर २,६०० पानांचं आणि ड्रम १२,००० पानांचा. तिथे दोन्ही मिळून पान रुपया-सव्वा रुपयाला पडतं. तीन वर्षांत तुम्ही ४३,२०० पानं छापणार. २० पैशांनी ८,६४० रुपये, सव्वा रुपयाने ५४,०००. यंत्राच्या किमतीत दोन-चार हजारांचा फरक या आकड्यांपुढे फार मोठा नाही.

पण इंकटँकवर आलात की एक गोष्ट उलटी होते आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ७५ जीएसएमची ५०० कागदांची रिम २७५ रुपयांना धरली तर एक कागद ५५ पैशांचा. म्हणजे शाईपेक्षा कागद अडीच-तीन पट महाग! दोन इंकटँकच्या शाईत पानामागे दोन-तीन पैशांचा फरक आहे म्हणून तासभर डोकं लावण्यापेक्षा कागद वाचवणारं यंत्र घ्यावं. तुमच्या ४३,२०० पानांपैकी निम्मी जरी दोन्ही बाजूंनी छापली, तरी १०,८०० कागद वाचतात. साडेएकवीस रिमा, ५,९४० रुपये. शिवाय फाइलींची जाडी कमी होते, कपाटातली जागा वाचते. म्हणून आपोआप पान उलटून दुसरी बाजू छापणारा, म्हणजे ऑटो डुप्लेक्सचा प्रिंटर हवा, ही तुमच्यासाठी पहिली अट. हाताने कागद उलटे घालून दोन्ही बाजूंनी छापता येतं, हे दुकानदार सांगेल. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते कोणी करत नाही, आणि केलं तर दहातली दोन पानं उलटी येतात.

दुसरी अट एडीएफची. वरच्या तोंडात गठ्ठा ठेवला की एकेक कागद स्वतः ओढून स्कॅन करण्याची ही सोय. तुमचं स्कॅनिंग रोजचं आहे. ४० पानांचा बँक उतारा काचेवर एकेक पान ठेवून, झाकण उघडून-मिटून स्कॅन करायला सहायकाची वीस मिनिटं जातात. एडीएफमध्ये पाच. तीन वर्षांत हा वेळ शाईच्या सगळ्या बचतीहून मोठा ठरतो. फक्त एवढं लक्षात घ्या, की या किमतीतले एडीएफ कागदाची एकच बाजू वाचतात. पाठपोट कागद असतील तर गठ्ठा उलटा करून पुन्हा घालावा लागतो. आणि काच ए४ आकाराचीच असते. जुने दस्त, मुद्रांक असे लीगल लांबीचे कागद काचेवर मावत नाहीत, ते एडीएफमधूनच घ्यावे लागतात. तो एडीएफ लीगल कागद घेतो का, हे यंत्राच्या तपशिलात वाचून घ्या किंवा दुकानात एक लीगल कागद घालूनच बघा.

तिसरी अट काळ्या शाईच्या जातीची. इंकटँकमध्ये दोन प्रकारच्या शाया येतात. डाय शाई कागदात मुरते, फोटोला छान दिसते, पण पाण्याचा थेंब पडला की पसरते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कागदाच्या पृष्ठभागावर बसतात, वाळल्यावर पाण्याला दाद देत नाहीत आणि अक्षरही जास्त काळंभोर, कडा स्पष्ट असं उमटतं. तुमच्या कागदांवर सह्या, शिक्के होतात, ते वर्षानुवर्षं फाइलीत राहतात, कोकणच्या पावसाळ्यात ओल धरतात. जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या गावात याहून जास्त सांगायची गरज नाही. काळी शाई पिगमेंटच हवी. इथे एक मोठा सापळा आहे. एप्सनचा एल३२५० हा खूप विकला जाणारा प्रिंटर चारही रंगांत डाय शाईवर चालतो, त्याला एडीएफ नाही, ऑटो डुप्लेक्स नाही. विद्यार्थ्याच्या घरी तो उत्तम, तुमच्या ऑफिसला नाही. त्याच्या वरचा एल५२९० बघितला की एडीएफ दिसतो, फॅक्सही दिसतो आणि माणूस खूश होतो. पण त्यातही ००३ च शाई, आणि ऑटो डुप्लेक्स नाहीच. फॅक्ससाठी पैसे मोजण्याचं तुम्हाला काहीच कारण नाही.

या तीन चाळण्यांतून तुमच्या बजेटच्या आसपास मोजकीच यंत्रं उरतात. ब्रदर डीसीपी-टी७२०डीडब्ल्यू, एचपी स्मार्ट टँक ७५०, एप्सन एल६२७०. तिन्हींत काळी शाई पिगमेंट, ऑटो डुप्लेक्स आणि एडीएफ आहे. भाव आठवड्यागणिक हलतात आणि मॉडेल क्रमांक तर दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. तुम्ही जाल तेव्हा यांचा पुढचा अवतार आला असेल तर त्यालाही हेच निकष लावा. यांतलं एखादं २५,००० च्या हजार-दोन हजार वर गेलं तर तेवढं बजेट ताणा, पण तीनपैकी एक अट सोडून खाली येऊ नका. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर स्वतःच्या क्रमांकाचं पक्कं बिल घ्या: २४,००० च्या बिलात १८ टक्के धरून ३,६६० रुपये कराचे असतात, आणि ते कसे वळते करायचे हे तुम्हालाच जास्त ठाऊक.

तिघांत निवड करताना एक गोष्ट तुमच्या कामातली आहे: मुद्रांक कागद. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात बऱ्याच दस्तांना १००-२०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. एक कागद अडकून चुरगळला तर तेवढं नुकसान. ज्या यंत्रात कागद पुढच्या खालच्या ट्रेमधूनच जातो, तिथे तो आत वळसा घेऊन उलटा होतो. साध्या कागदाला त्याचं काही नाही, पण जाड, घडी पडलेला, कडा मऊ झालेला मुद्रांक त्या वळणावर अडकतो. मागून कागद घालायची सोय असेल तर तो जवळपास सरळ जातो. ब्रदरच्या टी७२०डीडब्ल्यूला पुढे १५० कागदांचा ट्रे आणि मागे ८० कागदांची वेगळी जागा, दोन्ही आहेत. एल६२७० आणि स्मार्ट टँक ७५० यांचा पुढचा ट्रे २५० कागदांचा, म्हणजे अर्धी रिम एकदम बसते. आठवड्याला चार-पाच मुद्रांक छापत असाल तर ब्रदर घ्या, मुद्रांक महिन्याला एखादाच असेल तर २५० चा ट्रे जास्त सोयीचा. माझा कल तुमच्या पत्रावरून ब्रदरकडे आहे.

मुद्रांकावर छापताना वरचा छापील भाग पट्टीने मोजा, पहिल्या पानाचा वरचा समास त्याहून एक सेंटिमीटर जास्त ठेवा, कागदाचा आकार निवडताना ए४ की लीगल हे तपासा, आणि डुप्लेक्स बंद करा. एकदा तेवढ्याच आकाराच्या साध्या कागदावर काढून तो मुद्रांकावर ठेवून उजेडासमोर धरा. जुळलं की मगच खरा कागद घाला.

लेझर तुमच्यासाठी का नाही, हेही सांगायला हवं, कारण लेझर वाईट असतं असं मुळीच नाही. त्याचं अक्षर पाण्याने पुसत नाही, महिनाभर बंद राहिलं तरी काही सुकत नाही, आणि ३० पानांचा करारनामा मिनिट-दीड मिनिटात हातात येतो. इंकटँक दोन्ही बाजूंनी छापताना पहिली बाजू वाळायला थांबतो, तेच काम पाच मिनिटं घेईल. ज्यांचं ऑफिस वर्षातले तीन-चार महिने बंद असतं, किंवा ज्यांना गिऱ्हाईक समोर उभं असताना झटपट पानं काढायची असतात, त्यांनी लेझरच घ्यावा. पण त्याच बजेटात डुप्लेक्स, एडीएफ आणि स्वस्त ओरिजिनल टोनर हे तिन्ही एकत्र मिळणं कठीण, आणि विजेचा प्रश्न वेगळाच. लेझरमधला फ्यूजर, म्हणजे पावडर कागदावर वितळवून बसवणारा तापलेला रूळ, गरम होताना हजार वॅटच्या आसपास वीज ओढतो. संगणकासाठी असलेल्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर लेझर लावला की यूपीएस ओरडतो, बंद पडतो किंवा बॅटरी लवकर मरते. इंकटँक छापताना वीस-पंचवीस वॅटच्या आत चालतो. पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाते तिथे हा फरक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला कळतो.

आता पावडर भरण्याबद्दल. तालुक्याच्या गावी २००-३०० रुपयांत १२ए किंवा ८८ए टोनर पुन्हा भरून मिळतं, आणि मग लेझरचं पानही २० पैशांवर येतं, हे खरं आहे. हजारो ऑफिसं यावर चालतात. पण त्या डब्यात पावडरीबरोबर ड्रम, त्याला पुसणारं वायपर ब्लेड आणि चार्ज देणारा रूळही असतो. पावडर नवी झाली तरी हे जुनेच राहतात. दोन-तीन वेळा भरल्यावर पानाच्या खालपर्यंत बारीक काळी रेघ यायला लागते: ब्लेड घासलं किंवा ड्रमवर ओरखडा आला. साधारण साडेसात सेंटिमीटरवर तोच ठिपका पुन्हापुन्हा दिसला तर तो ड्रमचाच, कारण ड्रमचा घेर तेवढा असतो. सगळं पान राखाडी येतं तेव्हा वाया गेलेल्या पावडरीचा कप्पा भरलेला असतो, भरणाऱ्याने तो रिकामा केलेला नसतो. आणि बोटाने अक्षर पुसलं जात असेल तर फ्यूजरचं टेफलॉन गेलं. हे भाग सुटे मिळतात, कारागीरही मिळतो. फक्त तुमच्या कामाच्या घाईत तो त्याच दिवशी मिळेल असं नाही.

इंकटँकमध्ये बाहेरची शाई घालण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. हिशेब करून बघा. ओरिजिनल शाईचं पान २० पैशांचं, बाहेरच्या शाईचं दहाचं धरू. तीन वर्षांत वाचले ४,३२० रुपये. उलट बाजूला, शाईचा दाटपणा वेगळा असला किंवा पिगमेंटच्या टाकीत डाय ओतली गेली तर हेडची बारीक छिद्रं, म्हणजे नोझल, बुजतात. एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये आणि कॅननच्या जी मालिकेत हेड ग्राहकाला स्वतः बदलता येतं. एप्सन आणि ब्रदरमध्ये ते यंत्राचा कायमचा भाग आहे, बदलायचं काम सेवा केंद्रातच होतं आणि मजुरीसह खर्च वाचवलेल्या पैशांहून जास्त होतो. वॉरंटीही जाते. शाई स्वस्तच आहे, ती ओरिजिनल घ्या. नकली बाटल्याही बाजारात असतात, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातून घ्या, तारीख बघा, आणि हंगामासाठी एक काळी बाटली जादा ठेवा. पेटीभर साठा करू नका, बाटलीला मुदत असते.

वापरलेलं झेरॉक्स मशीन तर सोडूनच द्या. त्याचा फायदा ए३ छपाईत आणि महिन्याला निदान चार-पाच हजार पानं असतील तेव्हा. १,२०० पानांसाठी जागा, वीज, कारागिराच्या फेऱ्या आणि ड्रम-डेव्हलपरचे खर्च तुमच्या अंगावर येतील.

दुकानात पैसे देण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. वॉरंटी किती वर्षांची, आणि पानांची मर्यादा आहे का? बऱ्याच इंकटँकवर 'एक वर्ष किंवा अमुक हजार पानं, जे आधी होईल ते' अशी अट असते. मर्यादा ३०,००० असेल तर तुमच्या वेगाने दोन वर्षं पुरेल, अडचण नाही. खरेदीनंतर संकेतस्थळावर नोंदणी केली तर काही कंपन्या मुदत वाढवतात, ते त्याच दिवशी करा. कारागीर चिपळूणला येणार की यंत्र घेऊन तुम्ही जायचं? पिनकोड देऊन कंपनीच्या ग्राहक सेवेकडूनच खात्री करा, दुकानदाराच्या शब्दावर नको. वेगाच्या बाबतीत खोक्यावरचा मोठा आकडा वाचू नका. एल३२५० वर ३३ पानं मिनिटाला लिहिलेलं असतं, ते ड्राफ्टचं, म्हणजे कमी शाईच्या घाईच्या छपाईचं. आयएसओ पद्धतीने मोजलेला त्याचा वेग मिनिटाला दहा आहे. तुम्हाला 'आयपीएम' (या पद्धतीने मिनिटाला किती पानं) असं लिहिलेला आकडा हवा. आणि वाया गेलेल्या शाईचं काय होतं, हे विचारा. हेड साफ होताना निघणारी शाई आतल्या स्पंजच्या पॅडमध्ये जाते. पॅड भरला की प्रिंटर लाल दिवे लुकलुकवून काम थांबवतो आणि लोक समजतात यंत्र मेलं. काही मॉडेलांत हा पॅड डबीसारखा असतो, चार स्क्रू काढून किंवा नुसता ओढून बदलता येतो: एल६२७० मध्ये तशी डबी आहे, कॅननच्या जी३०२० सारख्या नव्या मॉडेलांतही. बाकीच्यांत सेवा केंद्राची फेरी. फुकटचं सॉफ्टवेअर वापरून नुसता मोजणीचा आकडा शून्य करू नका. आकडा शून्य होतो, पॅड भिजलेलाच राहतो, आणि मग शाई टेबलावर येते.

यंत्र आणलं की जागा आधी ठरवा. खिडकीतल्या उन्हात नको, पंख्याच्या झोतात नको, जमिनीवर तर नकोच. टेबल हलणारं नसावं. टाक्या भरताना एकेक बाटली उघडायची, ती टाकी भरून झाकण लावलं की मगच दुसरी. रंग चुकून दुसऱ्याच टाकीत गेला तर प्रिंटर सुरू करू नका, शाई नळ्यांत जाण्याआधी कारागिराला बोलवा. पहिल्यांदा भरलेली शाई लवकर कमी झालेली दिसेल, कारण तिचा काही भाग रिकाम्या नळ्या भरण्यात जातो. तेवढ्यावरून पानाचा भाव काढू नका. टाकी खालच्या रेषेच्या खाली जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरली की ती काढायला भरपूर शाई जाते. हे रंगीत टाक्यांनाही लागू आहे, तुम्ही रंगीत छापत नसलात तरी, कारण सफाईत चारही रंग वापरले जातात.

संगणकावर डीफॉल्ट म्हणून काळं-पांढरं आणि दोन्ही बाजू अशी निवड करून ठेवा, हव्या त्या वेळी बदलता येते. कागदाचा प्रकार साधा असाच ठेवा. चुकून फोटो पेपर निवडला तर बरेच प्रिंटर पिगमेंट काळी बाजूला ठेवून तिन्ही रंग मिसळून काळं बनवतात, अक्षर पुसट येतं आणि महाग शाई जाते. ऑफिसातल्या तिन्ही संगणकांसाठी वायफाय जोडताना बऱ्याच प्रिंटरना २.४ गिगाहर्ट्झचाच संकेत कळतो. राउटरवर दोन्ही एकाच नावाने असतील आणि जोडणी होत नसेल तर ५ चा काही वेळ बंद करा, जोडा, पुन्हा सुरू करा. 'प्रिंटर ऑफलाइन' ही रोजची कटकट बहुतेक वेळा राउटरने प्रिंटरला नवा आयपी पत्ता दिल्यामुळे होते. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम राखून ठेवला की ती संपते.

स्कॅनिंग ३०० डीपीआयवर, काळं-पांढरं किंवा ग्रेस्केल, थेट पीडीएफ. रंगीत ६०० वर स्कॅन केलेली फाइल एवढी मोठी होते की पोर्टल घेत नाही, आणि मग ती लहान करण्यात वेळ जातो. एडीएफमध्ये कागद घालण्याआधी पिना काढा, कागद पत्त्यांसारखे सुटे करा. स्कॅनवर उभी सलग रेघ येत असेल तर बिघाड समजू नका: मोठ्या काचेशेजारी एक अरुंद काचेची पट्टी असते, एडीएफचे कागद तिच्यावरूनच वाचले जातात, तिच्यावर शाईचा किंवा व्हाइटनरचा कण चिकटलेला असतो. ओलसर मऊ कापडाने पुसा.

तुमच्या एप्रिल-मेच्या मंद महिन्यांत इंकटँकला जास्त जपावं लागतं. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एक पान छापा. प्रिंटर नेहमी त्याच्या बटणाने बंद करा, भिंतीवरचं बटण थेट दाबून नाही. बटणाने बंद केल्यावर हेड आपल्या जागी जाऊन रबरी टोपणावर बसतं, नोझलना हवा लागत नाही. छापता छापता वीज गेली तर हेड उघडंच राहतं. वीज आल्यावर सुरू करून, ते जागी जाऊ देऊन, मग बंद करा. अक्षरांत पांढऱ्या आडव्या रेघा दिसू लागल्या तर आधी नोझल चेकचं पान काढा, तुटक रेषा दिसल्या तरच सफाई करा, आणि लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा नाही. तरी सुधारलं नाही तर रात्रभर बंद ठेवून सकाळी पुन्हा नोझल चेक. बऱ्याचदा शाई स्वतःच उतरते. पॉवर क्लीनिंग, म्हणजे भरपूर शाई ओढून केलेली सफाई, हा शेवटचा उपाय. ती करताना प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली हवी, नाहीतर नळीत हवा जाते, आणि तिच्यात पॅडही भराभर भरतो.

पावसाळ्यात त्रास शाईचा कमी, कागदाचा जास्त. ओल धरलेला कागद दोन-दोन एकत्र ओढला जातो, डुप्लेक्समध्ये उलटताना वाकतो आणि अडकतो. रिम तिच्या वेष्टनात, लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. सकाळी त्या दिवसाला लागतील तेवढेच ५०-१०० कागद ट्रेमध्ये घाला, संध्याकाळी उरलेले पुन्हा वेष्टनात. मागच्या तोंडावर झाकण असेल तर ते मिटलेलं ठेवा: तिथून आत पडलेली स्टेपलर पिन, टाचणी किंवा झुरळ हे कागद अडकण्याचं फार नेहमीचं कारण. अडकलेला कागद ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढा. तुकडा आत राहिला तर मागचं झाकण काढून बघा. कागद ओढला जात नसेल तर रबरी रूळ पाण्याने किंचित ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. प्रिंटर दुरुस्तीला न्यायचा झाला तर तो आडवा-उभा करू नका, दुचाकीवर मांडीवर धरून तर मुळीच नाही. टाक्यांची झाकणं घट्ट लावून, सपाट ठेवून गाडीतून न्या.

जुना प्रिंटर लगेच काढून टाकायची घाई नको. दुसऱ्या टेबलावर सुट्या कागदांसाठी स्कॅनर म्हणून तो चालेल. त्यातली रिकामी कार्ट्रिजं मात्र तशीच आत राहू द्या, कारण ती काढली तर काही मॉडेलं स्कॅनही करत नाहीत. तो पूर्ण निकामी झाला की भंगारात न देता कार्ट्रिजांसह ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, आणि ते कुठे जमा करायचे हे कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारलं की सांगतात.